रूटच्या नावाने

हर्णै बंदरावर भांगाचे दिवस,
पाणी ना धड आत, ना धड बाहेर.
होड्या अजून वरती शाकारलेल्या,
आणि सोसायटीच्या ऑफिसात, गेल्या हंगामाच्या
बर्फाच्या पावत्यांशेजारी
चार डिस्कांचं एक खोकं, बंद.

"सोमवारी डिझेल परताव्याची यादी द्यायचीय,"
हरेश्वर चोगले म्हणाले,
"दोनशे बारा होड्या आहेत ह्याच्या पोटात."

माझ्याआधी भाच्याने हात घातलेला.
मोबाईलवर बघून वेदांगने हुकूम सोडला: क्रिएट.
म्हणजे जुनं आहे तिथेच नवं मांड.
तीन टक्क्यांवर घाबरून त्याने प्लग ओढला,
म्हणून मी त्याला काही बोलले नाही.

एक डिस्क गेल्या भाद्रपदातच
पंगतीतून उठून गेली होती.
उरलेल्या तिघी तिच्या वाटणीचं
दर वेळी हिशेबाने काढून वाढत राहिल्या;
जेवणाऱ्यांना पत्ता नाही.
मशीनने मात्र रोज कळवलं होतं:
तीनशे अठरा पत्रं, सगळी रूटच्या नावाने.
"रूट कोण?"
"मालक."
"मालक तर मीच की," चोगले म्हणाले,
आणि चष्मा पुसत बसले.

मग परवा आणखी एकीने मान टाकली.
पिनांवर खाऱ्या हवेचा हिरवा थर, मोरचुदासारखा.
एक गेली तर हिशेब जमतो,
दोघी गेल्या की हिशेबाला बसायला कुणी उरत नाही.

आधी नक्कल. मूळ डिस्कवर टिंबसुद्धा लिहायचं नाही.
रात्रभर चाललं ते:
वाचता येईना तिथे यंत्र पुढे सरके,
मग मागे वळून, पलीकडच्या बाजूने
त्याच जागेवर पुन्हा हळूच येई.
पहाटे साडेचारला सहा सेक्टर सोडून सगळं हाती.

पण क्रम? मुनाफ होडेकरने चिकटपट्टीवर
बॉलपेनने आकडे घातले होते.
शाई हवेने प्यायली, मुनाफ सलालाला गेला.
चार जागा, चोवीस मांडण्या,
त्यातली खरी एक.

कासिमचाचा दारात जाळं सांधत होते.
म्हणाले, "भोक केवढं ते कडेच्या गाठी सांगतात, बाय."
उपमा चांगली होती. मला नको होती.
जाळ्याचं भोक निदान दिसतं तरी.

मी कच्चे बाइट वाचायला बसले.
एकीच्या कडेला 'एकवी' येऊन थांबली,
'रा प्रसाद' दुसरीच्या तोंडाशी.
'गौसिया' अर्धी इथे, तिचा नंबर तिथे.
एक अक्षर तर मधोमध चिरलेलं:
व्यंजन अलीकडे, काना पलीकडे.
काना उचलून जागेवर ठेवला
आणि सतरावी मांडणी बसली.

फक्त वाचायला उघडली. यादी सरसरत खाली आली,
चोगले एकेक नाव ओठांनी मोजत होते.
एकशे अठ्ठ्याण्णव.
सुरुवातीच्या चौदा होड्या
त्या तीन टक्क्यांत बुडाल्या.
वेदांग बाहेर जाऊन उभा राहिला.

सलालाला तेव्हा सकाळचे साडेआठ.
मुनाफ कुठल्याशा गोदामात, मागे फोर्कलिफ्टचा भोंगा.
स्पीकरवर त्याने नावं सांगितली,
नाखव्यांसकट, इंजिनाच्या हॉर्सपॉवरसकट,
न अडखळता अकरा.
बारावीवर चोगले म्हणाले, ती तर विकली.
"कुणाला?" मुनाफने विचारलं,
आणि पाचेक मिनिटं ते दोघं
दुसऱ्याच गोष्टीत गेले.
दोन नावं शेवटपर्यंत जमली नाहीत.
त्या नाखव्यांकडे वेदांगला पिटाळलं,
पायी, छत्री देऊन.

निघताना मी रूटच्या पत्रांना
चोगल्यांचा पत्ता लावला.
ते मेल बघत नाहीत. म्हणून प्रिंटरही जोडला.
तपासणीचं पहिलं पत्र खरखरत बाहेर आलं.
त्यांनी ते उभ्याने वाचलं,
घडी घातली, खिशात ठेवलं,
मग म्हणाले, "उत्तर कुठे पाठवायचं?"